वीस हजारांत लेन्स आणि इतर सामान : गोव्यात राहणाऱ्याने आधी काय घ्यावं?

पावळी (२८ सप्टेंबर, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी,

मी दिचोली तालुक्यातली, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी भावाने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचा कॅनन १५००डी माझ्याकडे आला. सोबत किटमधली १८-५५ मिमी झूम लेन्स. तेवढ्यावर पुष्कळ शिकले, पण आता तीन ठिकाणी अडतं.

जत्रेची नाटकं हे पहिलं. रात्री मंडपात उजेड बेताचा, फोटो हलतात नाहीतर दाणेदार येतात. दुसरं म्हणजे पक्षी. सुट्टीच्या दिवशी करमळीच्या तळ्यावर जाते, पण ५५ वर बदक म्हणजे नुसता ठिपका. आणि तिसरं, पावसातले बेडूक, किडे, अळंबी. जवळ गेलं की फोकसच बसत नाही.

बजेट २० हजार. त्यापुढे जाता येणार नाही. दुकानात विचारलं तर झूम लेन्स, ट्रायपॉड, बॅग, तीन फिल्टर असं एकत्र ‘पॅकेज’ सांगितलं. घ्यावं का?

कांदळवन (२८ सप्टेंबर, रात्री ९:५०)

पॅकेज घेऊ नका ताई. त्यातला ट्रायपॉड वाऱ्यावर थरथरतो आणि फिल्टर दुसऱ्या महिन्यात कपाटात जातात.

माझं मत सरळ आहे. कॅननची ५५-२५० मिमी आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी) एसटीएम लेन्स घ्या, तीही वापरलेली. बरेच लोक मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यांच्या जुन्या लेन्स चांगल्या अवस्थेत मिळतात. मी माझी दोन वर्षांपूर्वी ९ हजारांना घेतली. वजन पावणेचारशे ग्रॅम, दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखत नाही. चोडणला सलीम अली अभयारण्यात माझे नव्वद टक्के फोटो याच लेन्सचे आहेत.

तिसरी_घंटा (२८ सप्टेंबर, रात्री १०:३१)

कांदळवन, पक्ष्यांसाठी मान्य. पण ताईंनी पहिलं नाव नाटकाचं घेतलंय. ५५-२५० लांबच्या टोकाला एफ/५.६ ला थांबते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), आपल्या जत्रेच्या मंडपात ती आंधळी होते.

५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या. किट लेन्ससुद्धा ५५ वर एफ/५.६ च देते. ५.६ वरून १.८ वर आलं की आत येणारा प्रकाश जवळपास दहापट होतो. म्हणजे जिथे शटर १/१५ सेकंदावर अडकत होतं तिथे १/१५० मिळतं. नटाचा हात हवेत असताना तो हातच दिसतो, धुराचा पट्टा नाही.

घुमट (२८ सप्टेंबर, रात्री १०:४४)

+१ पन्नाससाठी. नवी घ्या, वॉरंटीसकट. १६० ग्रॅमची लेन्स, खिशात मावते.

खंड्या_५५ (२९ सप्टेंबर, सकाळी ६:१५)

पन्नासने स्टेज कितपत दिसेल तेही सांगा की. १५००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद. त्यामुळे ५० मिमीतून दहा मीटरवर साधारण साडेचार मीटर रुंदीचा भाग येतो. पाचव्या-सहाव्या रांगेतून दोन-तीन पात्रं नीट बसतील, पूर्ण दरबार बसणार नाही. दरबारासाठी किटची १८ आहेच, ती तिथे एफ/३.५ देते.

हाच हिशेब पक्ष्यांचा. २५० मिमीतून वीस मीटरवर पावणेदोन मीटर रुंदी. खारफुटीतला तो निळा-पांढरा खंड्या पक्षी वीतभरापेक्षा थोडा मोठा, म्हणजे चौकटीचा सातवा हिस्सा. ६००० पिक्सेलपैकी आठशेच्या आसपास त्याच्या वाट्याला येतात. तोच आठ मीटरवर आला तर एक तृतीयांश चौकट भरतो. त्यामुळे ६०० मिमीची स्वप्नं बघण्याआधी बसायला शिका. हलायचं नाही, भडक कपडे नकोत, पाऊण तास एका जागी. पक्षी आपण होऊन जवळ येतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

अबोली (२९ सप्टेंबर, सकाळी ८:०२)

मी नवीन आहे. एसटीएम म्हणजे काय? माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे, मलाही पन्नास घ्यायची आहे.

घुमट (२९ सप्टेंबर, सकाळी ८:२०)

अबोली, एसटीएम म्हणजे लेन्समधली स्टेपिंग मोटर, फोकस शांतपणे करते. तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्त दिसते म्हणून घेशील, तर ती तुझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करणार नाही. नावात एएफ-एस असलेली घे. डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी तुझ्यासाठी पन्नासपेक्षा बरी, घरातल्या घरातही मागे सरकायला जागा पुरते.

पावळीताई, तुमच्यासाठीही एक गोष्ट: कॅननची आरएफ (मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स १५००डीवर बसत नाही. ईएफ किंवा ईएफ-एस असंच वाचून घ्या.

रापण (२९ सप्टेंबर, दुपारी १:३७)

सगळे लेन्सवर भांडताहेत. माझं ऐका, पहिले हजार-बाराशे रुपये डब्यावर खर्च करा.

मी पेडण्याचा, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षांपूर्वी जुलैत माझी टेलिफोटो लेन्स कातडी पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवली होती. चतुर्थीला बाहेर काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. आजही समोरून दिवा आला की फोटोवर धुकं पसरतं. पै पै साठवून घेतलेली लेन्स होती ती, आठवण काढली की अजून पोटात तुटतं.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला आमंत्रणच, आणि आपल्याकडे चार महिने तो त्याच्या वरच असतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० च्या मधे ठेवा. ३० च्या खालीही नको, लेन्समधलं वंगण सुकतं. बॅगेत ठेवूच नका, बॅगेचा फोम पाणी धरून ठेवतो.

सत्तरीचा_वारा (२९ सप्टेंबर, दुपारी २:१०)

डब्यात सिलिकाऐवजी तांदूळ चालतात ना? आमच्याकडे मोबाईल भिजला की आई तांदळातच पुरते.

रापण (२९ सप्टेंबर, दुपारी २:२५)

नको रे बाबा. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही, वर त्याची पिठी फोकसच्या कड्यात जाते. त्या तांदळाची पेज कर आणि सिलिका आण.

पोरसू (२९ सप्टेंबर, दुपारी ४:४८)

घरात लहान मुलं असतील तर निळी सिलिका टाळा. तिचा निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा, तो विषारी. केशरी मिळते ती घ्या. रंग बदलला की ती ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते, पण तापवायचं भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको.

पावळी (२९ सप्टेंबर, रात्री ८:३०)

सर्वांचे आभार, देव बरें करूं! डब्याचं पटलं. कॅमेरा आत्ता भिंतीतल्या कपाटात आहे, उद्याच डबा आणते.

पण लेन्सचं ठरत नाही. ५० की ५५-२५०? आणि बेडकांचं कोणी बोललंच नाही.

सत्तरीचा_वारा (२९ सप्टेंबर, रात्री ९:०५)

बेडकांचं मी सांगतो, माझा प्रांत आहे. वाळपईच्या पुढे पावसात रात्री फिरतो.

खरी मॅक्रो लेन्स तुमच्या बजेटमधे नाही आणि तिची गरजही नाही. ५५-२५० घेतलीत तर तिच्यापुढे रेनॉक्सचं क्लोज-अप भिंग लावा. डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० अशी दोन येतात, चिमट्यासारखी बसतात, ५२ ते ६७ मिमीच्या कोणत्याही लेन्सला चालतात. २५० जास्त ताकदीचं, पण त्याने किड्यापासून बारा-साडेबारा सेंटिमीटरवर जावं लागतं. १५० ने वीस सेंटिमीटर अंतर राहतं, बेडूक घाबरत नाही, आणि झूम २५० वर नेलं की किडा सेन्सरवर खऱ्या आकाराच्या सव्वापट उमटतो. सुरुवातीला १५० च घ्या.

उजेड कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा. एफ/११, शटर १/२००, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००. फ्लॅशपुढे दुधी प्लॅस्टिकचा तुकडा वाकवून लावा, नाहीतर बेडकाच्या ओल्या अंगावर पांढरे डाग येतात. त्याच्या तोंडावर टॉर्च फार वेळ धरू नका, आणि पानावर असेल तर हात लावून ‘नीट’ बसवू नका. मलबारी उडता बेडूक पाण्यावरच्या पानाला फेसाचं घरटं करतो. ते दिसलं तर लांबूनच दोन फोटो घ्यायचे आणि निघायचं.

कांदळवन (२९ सप्टेंबर, रात्री ९:२२)

बघा, म्हणजे एका ५५-२५० मधे तीनपैकी दोन कामं झाली.

तिसरी_घंटा (२९ सप्टेंबर, रात्री ९:५८)

पक्षी दरवर्षी येतात, बेडूक प्रत्येक पावसात ओरडतात. ताई, या तिघांपैकी तुम्हाला यंदाच हवं असं काही आहे का?

पावळी (२९ सप्टेंबर, रात्री १०:४०)

आहे. माझे बाबा एकतीस वर्षं आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात काम करतात. दुकान सांभाळून महिनाभर तालमी. आता पाठांतर राहत नाही म्हणतात, गुडघेही दुखतात. मार्गशीर्षातलं हे नाटक शेवटचं असं त्यांनी मंडळाला सांगून टाकलंय. ऐतिहासिक नाटक आहे, ते म्हातारा किल्लेदार आहेत. एवढ्या वर्षांत त्यांचा स्टेजवरचा एकही चेहरा दिसेल असा फोटो घरात नाही.

कांदळवन (२९ सप्टेंबर, रात्री १०:४७)

पन्नास घ्या. मी माझं मत मागे घेतो.

तिसरी_घंटा (२९ सप्टेंबर, रात्री ११:३५)

आता नीट लिहितो. मी फोंड्याकडच्या उत्सवी नाटकांत पंचवीस वर्षं प्रकाशयोजना केलीय, त्यामुळे दिव्यांच्या बाजूने सांगतो.

नाटकाच्या रात्री पहिल्यांदा फोटो काढायला जाऊ नका. रंगीत तालमीला जा. पोशाख, मेकअप, दिवे सगळं असतं, प्रेक्षक नसतात. दिग्दर्शकाला आधी विचारा, मग हवं तिथे उभं राहता येतं. बाबा कुठल्या प्रवेशात कुठे थांबतात, कुठल्या वाक्याला मान वर करतात ते टिपून ठेवा. तोंडावर उजेड पूर्ण पडतो ती जागा प्रत्येक नटाची ठरलेली असते.

कॅमेरा मॅन्युअलवर. एफ/२.२ ठेवा, १.८ पेक्षा धार बरी येते आणि डोळे-नाक दोन्ही फोकसमधे राहतात. आयएसओ १६०० ते ३२००. दाणे आले तर येऊ द्या, हललेला फोटो सुधारत नाही. मागे अंधार आणि तोंडावर झोत असला की कॅमेरा फसतो, चेहरा पांढराफटक करतो. १५००डीत अगदी बारीक जागेचा उजेड मोजणारं स्पॉट मीटरिंग नाही, पण पार्शल आहे, मधला दहा टक्के भाग मोजणारं. ते लावून चेहऱ्यावर मोजा. फोकसला नऊ बिंदूंपैकी मधलाच वापरा, अंधारात तोच भरवशाचा.

फ्लॅश नको. नटाच्या डोळ्यांवर झोत असतो, त्यात फ्लॅश बसला की क्षणभर पुढचं वाक्य जातं. स्वगतात शटर वाजवू नका. टाळीला किंवा पार्श्वसंगीतावर दाबा.

घुमट (३० सप्टेंबर, सकाळी ७:१०)

शटरबद्दल थोडी भर. हल्ली मंडपात स्वस्त एलईडी लावतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१६० किंवा १/२५० वर एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला असं होतं. तसं दिसलं तर १/१०० वर या, फरक पडतो.

तिसरी_घंटा (३० सप्टेंबर, सकाळी ७:४५)

घुमट, बरोबर. पण १/१०० वर तलवारबाजी हलेल. किल्लेदाराचे संवाद १/१०० वर, मारामारी १/२०० वर आणि तिथे फोटो जास्त काढायचे. हे सगळं तालमीतच तपासून घ्या.

पुण्यातला_गोंयकार (३० सप्टेंबर, सकाळी ९:३०)

यूव्ही फिल्टर घ्यावा का, यावर कोणी बोललं नाही. लेन्स वाचते ना?

खंड्या_५५ (३० सप्टेंबर, सकाळी ९:५५)

नाटकाला अजिबात नको. स्वस्त फिल्टर पुढे असला की स्टेजवरच्या प्रत्येक दिव्याचं हिरवं भूत फोटोत उलटं दिसतं. लेन्सला हूड, म्हणजे पुढचं कडं, लावा, धक्काही तोच खातो.

रापण (३० सप्टेंबर, सकाळी १०:२०)

किनाऱ्यावर मात्र मी लावतो. मोरजी-केरीला वाऱ्यासोबत मिठाचे तुषार उडतात. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने घासू नका, मीठ काचेवर रेघा ओढतं. आधी हवा मारायचा ब्लोअर, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर दव धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

सत्तरीचा_वारा (३० सप्टेंबर, सकाळी ११:०५)

एकच फिल्टर घ्यावा असं मला वाटतं, पोलरायझर. पावसाळी रानात प्रत्येक पान आरशासारखं चमकतं. ती चमक कापली की खरा हिरवा रंग उतरतो. दीड-दोन स्टॉप, म्हणजे दोनतृतीयांश ते पाऊण प्रकाश मात्र जातो. किट लेन्स आणि ५५-२५० एसटीएम दोन्हींचा व्यास ५८ मिमी आहे, पन्नासचा ४९. म्हणून ५८ चा एकच घ्या आणि ४९ वरून ५८ करणारी चकती घ्या. पण हे पुढच्या पावसाच्या आधी, आत्ता नको.

अबोली (३० सप्टेंबर, दुपारी १२:४०)

आणि ट्रायपॉड?

कांदळवन (३० सप्टेंबर, दुपारी १:१५)

नाटकाच्या गर्दीत तीन पाय ठेवायला जागा नसते आणि मागची मंडळी ओरडतात. एका पायाचा मोनोपॉड बरा. होडीत किंवा गाडीच्या खिडकीत मी जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून त्यात भाताचं तूस भरलंय. कठड्यावर ठेवली की लेन्स तिच्यात बसते. खर्च शून्य.

चोडणला होडीतून जायचं तर भरतीची वेळ बघा, ओहोटीला आतले पाट कोरडे पडतात. ओहोटीत चालत जा, चिखलावर निवट्या मासे उड्या मारताना दिसतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, रायबंदरहून फेरीने पलीकडे उतरलं की लगेच.

पोरसू (३० सप्टेंबर, दुपारी ३:००)

कुंभारजुव्याच्या कालव्यावर होडीतून हात बाहेर सोडू नका, तिथे मगरी आहेत. पुतण्या निवांत पाण्यात बोटं घालून बसला होता, नावाड्याने ओरडून सांगितलं.

घुमट (३० सप्टेंबर, दुपारी ३:२०)

विषयावर येऊ. ताई, बाहेरचा फ्लॅश कोणी सुचवला तर थांबा. १५००डीच्या हॉट-शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिन नाही. साधे मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटत नाहीत, माझ्या मित्राने घेऊन परत केला. दुसरी बॅटरी मात्र घ्या, एलपी-ई१०. पूर्ण चार्जला पाचशेच्या आसपास फोटो होतात, पण आपली नाटकं पहाटेपर्यंत चालतात.

पावळी (१२ ऑक्टोबर, रात्री ८:१५)

हिशेब देते. ५० मिमी एसटीएम नवी घेतली, ९,४०० ला. डबा, केशरी सिलिका, मीटर, ब्लोअर मिळून १,३००. बॅटरी ९००. उरले ८,४००. त्यात वापरलेली ५५-२५० शोधतेय. मडगावच्या एकांकडे आहे, ८ हजार म्हणतात. बघायला जाताना काय तपासू?

रापण (१२ ऑक्टोबर, रात्री ८:५०)

मोबाईलचा टॉर्च मागून तिरपा मारून पुढून बघा. धूळ दोन कण असू दे, धागे दिसले की परत फिरा. तशी लेन्स डब्यात आली की तुमची नवी पन्नासही धोक्यात.

खंड्या_५५ (१२ ऑक्टोबर, रात्री ९:१४)

स्वतःचा कॅमेरा न्या. शटरचं बटण अर्धं दाबून कान लावा, स्थिरीकरण सुरू झाल्याची बारीक घरघर ऐकू यायला हवी. विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे बघा, एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स पडलेली आहे. एसटीएम लेन्समधे कॅमेरा बंद असताना फोकसचं कडं फिरवून काही होत नाही, त्याने घाबरू नका. आणि २५० वर हातात धरून काढताना शटर १/४०० च्या खाली नको. बसलेल्या बगळ्याला स्थिरीकरण वाचवतं, उडत्याला नाही.

पावळी (१९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:०५)

घेतली. काच स्वच्छ आहे, कोपरेही नीट. विकणाऱ्या काकांनी हूड फुकट दिला. रेनॉक्स जूनमधे.

पावळी (२ डिसेंबर, दुपारी ४:२०)

परवा नाटक झालं.

रंगीत तालमीला गेले होते, वहीत टिपणं काढली. तिसऱ्या अंकात बाबा किल्ल्या खाली ठेवतात ती जागा डाव्या खांबापासून चार पावलांवर. तिथला फोटो आला. एफ/२.२, १/१००, आयएसओ २०००. त्यांच्या चिकटवलेल्या दाढीखाली त्यांची खरी, थरथरणारी हनुवटी दिसते.

पण मला त्याहून आवडलेला फोटो विंगेतला आहे. प्रवेशाआधी बाबा पागोटं सारखं करताहेत, ओठ हलताहेत, वाक्यं म्हणून बघताहेत. स्टेजवरचा उजेड पडद्याच्या फटीतून अर्ध्या तोंडावर आलाय. तो १/५० वर काढला, कॅमेरा खांबाला टेकवून. काल घरी कॉम्प्युटरवर दाखवला तर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मोठा करून लाव.’

१२ बाय १८ इंच केला तर फाटेल का, म्हणजे पिक्सेल दिसतील का?

तिसरी_घंटा (२ डिसेंबर, दुपारी ४:३३)

ताई, इथे लावा तो फोटो. एवढी वर्षं दिवे टाकले, विंगेतला उजेड कोणी बघेल असं वाटलं नव्हतं.

खंड्या_५५ (२ डिसेंबर, सायंकाळी ५:१०)

अजिबात फाटणार नाही. ६००० पिक्सेल अठरा इंचांत, म्हणजे इंचाला ३३३. बिनधास्त करा.

रापण (२ डिसेंबर, सायंकाळी ५:४२)

फ्रेमवाल्याला सांगून प्रिंट आणि काच यांच्यामधे माउंटची पट्टी घालून घ्या. नुसती काच टेकवली तर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते, मग सोडवताना चेहराच निघून येतो. आणि बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा.